मुक्ताईच्या पालखीची वाट

भुसावळाहून नागपुराकडे निघालेल्या आगगाडींतील उतारूंना मलकापूर म्हणजे कापसाच्या मुलखांतील एक बाजाराचें गांव, एवढीच ओळख असते. नळगंगेच्या कांठचें आणि वऱ्हाडच्या पश्चिम वेशीवरचें हें शहर हौशी प्रवाशांच्या यादींत सहसा येत नाहीं. तथापि दरवर्षीं ज्येष्ठ महिन्यांत एक दिवस असा उगवतो कीं, मुक्ताईनगरकडील वाटेवर टाळमृदंगाचा नाद ऐकूं येऊं लागतो, भगव्या पताका दिसूं लागतात, घरोघरच्या बाया दारापुढें सडा घालून रांगोळी काढतात आणि खानदेशांतून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी गांवांत प्रवेश करिते. येथून पुढें घांट चढून, गोदावरी ओलांडून ती पंढरपुरास जावयाची असते. एकंदर वाट साडेपांचशें किलोमीटरांच्या घरांत भरते, आणि ती चालण्यास जवळजवळ एक महिना लागतो.

संगीत आणि इतिहास यांची सांगड घालून देश दाखविण्याचा व्यवसाय हल्लीं जगांत बराच बोकाळला आहे. आयर्लंडमध्यें परदेशची मंडळी तुकड्या करून येतात. एक जाणता वाटाड्या त्यांस मोटारींतून पडके मठ, किल्ले आणि रणभूमि दाखवितो, आणि रात्रीं गांवच्या मद्यगृहांत स्थानिक वादक व्हायोलिन नि बांसरीवर जुन्या चाली वाजवून दाखवितात. ही रीत वाईट नव्हे. चार परके लोक एका देशाचें गाणें ऐकून घरीं जातात, यांत आनंदच आहे. पण त्यांत दाखविणारा निराळा आणि पाहणारा निराळा, गाणारा एक आणि ऐकणारा दुसरा, असा भेद शेवटपर्यंत राहतो. मलकापूरच्या रस्त्यानें जाणारी दिंडी हाहि एक संगीताचा, इतिहासाचा आणि सामुदायिक प्रवासाचाच प्रकार होय. फरक इतकाच कीं, दिंडींत श्रोता म्हणून कोणी नसतोच. जो चालतो तो गातो, आणि जें गातो तोच त्याचा इतिहास असतो.

ज्यांच्या नांवानें ही पालखी निघते त्या मुक्ताबाई म्हणजे निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर आणि सोपानदेव यांची धाकटी बहीण. परंपरेप्रमाणें त्यांचा जन्म इ. स. १२७९ चा. आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर पोरक्या झालेल्या या चार भावंडांचा संसार म्हणजे उणींपुरीं दोन दशकें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें म्हणजे इ. स. १२९० मध्यें सिद्ध झाली. सहा वर्षांनीं कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. त्याच मार्गशीर्षांत सोपानदेव सासवडास समाधिस्थ झाले. दुसऱ्या वर्षीं, १२९७ च्या वैशाखांत, तापीतीरीं मेहूणच्या परिसरांत वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या, असें परंपरा सांगते. मागें राहिलेल्या निवृत्तिनाथांनीं त्र्यंबकेश्वरीं देह ठेविला.

या तारखा वाचतांना राजकीय इतिहासाची एक तारीख शेजारीं ठेवणें अवश्य आहे. इ. स. १२९६ मध्येंच अल्लाउद्दीन खिलजी वऱ्हाडांतील एलिचपुरावरून देवगिरीवर चालून गेला आणि रामदेवराव यादवाच्या राज्याचा कणा मोडला. देशावर एवढें अरिष्ट कोसळलें असतां त्याच वर्षाच्या अखेरीस आळंदीस समाधीचा सोहळा व्हावा आणि त्या सोहळ्याची आठवण पुढें सातशें वर्षें गाइली जावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी खरी. राजाच्या पराभवाची कथा बखरींत आणि तवारिखांत राहिली. भावंडांच्या वियोगाची कथा मात्र लोकांच्या मुखांत राहिली, आणि ती तेथें ठेवणारा पुरुष म्हणजे नामदेव. नामदेवांच्या गाथ्यांतील आदि, तीर्थावळी आणि समाधि हीं तीन प्रकरणें म्हणजे या भावंडांचें पहिलें चरित्रच होय. त्यांतील कोणते अभंग मूळ नामदेवांचे आणि कोणते मागाहून झालेल्या विष्णुदास नाम्याचे, याचा निर्णय पंडितांनीं अवश्य करावा. दिंडींतील टाळकऱ्यास तो प्रश्न पडत नाहीं, आणि न पडल्यामुळें त्याचें कांहीं अडत नाहीं. तीर्थावळी तर नांवाप्रमाणेंच प्रवासाची कथा आहे. ज्ञानदेव आणि नामदेव बरोबरीनें तीर्थें पाहत हिंडले, वाटेंत बोलले, भांडले, गाइले. मराठींतील सामुदायिक यात्रावर्णनाचा तो आद्य नमुना म्हणावयास हरकत नाहीं.

मुक्ताबाईंचें या कथेंतील स्थान मोठें लक्षणीय आहे. वयानें त्या सर्वांत लहान, पण अधिकारानें कोणाहून उण्या नव्हेत. लोकांच्या वागणुकीनें विटून ज्ञानेश्वरांनीं झोपडीची ताटी लावून घेतली तेव्हां बाहेर उभें राहून त्यांची समजूत घालणारी हीच बहीण. ते ताटीचे अभंग आजहि मराठी घरांत पाठ असतात. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर तप करणारे वयोवृद्ध योगी चांगदेव यांनीं ज्ञानेश्वरांस कोरें पत्र धाडलें आणि उत्तरादाखल त्यांस पासष्ट ओंव्या मिळाल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण त्या योग्यानें अखेरीस गुरु केला तो मुक्ताबाईंस. संगमावर चांगदेवांचें देऊळ आहे आणि तेथून मुक्ताईचें स्थान फार दूर नाहीं. हतनूर धरणाचें पाणी अडल्यापासून या संगमाचें रूप पालटलें आहे. जुनें एदलाबाद आतां मुक्ताईनगर या नांवानें ओळखलें जातें.

या स्थानाहून पालखी निघते तेव्हां तिची पहिली मोठी वस्ती म्हणजे मलकापूर. हें शहर खानदेशच्या फारुकी घराण्यांतील एका राजपुरुषानें वसविलें आणि राजकन्येवरून, म्हणजे मलिकेवरून, त्यास मलकापूर हें नांव पडलें, असें इंग्रजी ग्याझेटिअर सांगतें. आइन-इ-अकबरींत नरनाळा सरकारांतील परगण्यांत त्याची गणना आहे. पुढें इ. स. १७६१ मध्यें रघुनाथरावांच्या फौजेनें लुटूं नये म्हणून या गांवानें साठ हजार रुपये भरले, असेंहि त्याच ग्रंथांत नमूद आहे. मुक्ताईच्या पालखीची परंपरा तीनशें वर्षांहून अधिक सांगितली जाते. ती गणना प्रमाण मानली तर ज्या गांवानें फौजेस खंडणी भरली त्याच गांवावरून त्याच काळांत ही पालखीहि जात असली पाहिजे. फौजेनें रुपये मोजून घेतले आणि ती निघून गेली. दिंडीस गांवानें भाकरी आणि पिठलें घातलें, आणि ती पुढल्या वर्षीं पुन्हा आली. दोन्ही पाहुण्यांचा खर्च गांवानेंच सोसला; मात्र त्यांतल्या एकाचेंच आगमन लोक अजून मोजीत बसतात.

मलकापूर सोडलें म्हणजे वाट दक्षिणेस वळते. येथपर्यंतचा मुलूख पयनघांटाचा, पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या सपाट जमिनीचा. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं ही माती पायांस अशी बिलगते कीं दर दहा पावलांवर वहाण हातांत घ्यावी लागे. पक्के रस्ते झाल्यापासून तो जाच कमी झाला, उन्हाचा मात्र तसाच आहे. मोताळा मागें पडल्यावर राजूरचा घांट लागतो, आणि तो चढून गेलें म्हणजे बालाघांटाच्या पठारावर बुलढाणें येतें. घांटांत शिस्तीनें चालणारी दिंडी पाहण्यासारखी असते. चढणीवर श्वास पुरावा म्हणून ठेका आपोआप संथ होतो, अभंगाचें चरण लांबवून घेतलें जातें, आणि माथ्यावर पोंचतांच मृदंगी दुगुण करतो व मंडळी पावली खेळूं लागतात. संगीताच्या ग्रंथांत लयीचे प्रकार दिले आहेत. परंतु लय जमिनीच्या चढउतारानें ठरते, हें समजावयास घांटच पाहिला पाहिजे. पुढें चिखली, देऊळगांव मही करून पालखी जालना प्रांतीं उतरते आणि गोदावरी ओलांडून बीडकडे वळते.

हीं गांवांचीं नांवें आज एका राज्यांतील जिल्ह्यांचीं नांवें वाटतात. पण या वाटेचा इतिहास तसा नाहीं. मुक्ताईचें स्थान खानदेशांत, म्हणजे १८१८ नंतर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यांत. मलकापूर, बुलढाणें, चिखली हा वऱ्हाड. तो निजामाचा, १८५३ मध्यें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलेला, आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला. जालना आणि बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत खुद्द निजामाच्या राज्यांत. आणि शेवटीं पंढरपूर पुन्हा मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यांत. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीं मुक्ताईचा वारकरी एका महिन्यांत तीन राजवटींच्या सरहद्दी ओलांडून जात असे. हा मुलूख मुंबईचा, हा नागपूरचा, हा हैदराबादचा, ही भाषा सरकारी नकाशाची होती. दिंडीचा मुक्काम, तिला जेवूं घालणारें घर, तिचें अभंग म्हणण्याचें वेळापत्रक यांत त्या सरहद्दीनें फरक पडला नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्वैभाषिक मुंबई राज्य झालें तेव्हां हे सर्व प्रांत प्रथमच एका कारभाराखालीं आले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. ज्या भूमीसाठीं पुढाऱ्यांनीं सभा आणि मोर्चे केले ती भूमि पायांखालीं एकसंध आहे, हें या वाटेवरच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसास आधींपासून ठाऊक होतें. त्यानें तें कधीं ठरावांत मांडलें नाहीं, इतकेंच.

दिंडीची रचना बाहेरून पाहणारास गर्दीसारखी दिसते. आंतून ती फार नेटकी असते. पुढें पताकावाले, मागें रांगा धरून टाळकरी, त्यांच्यामध्यें मृदंगी, आणि वीणा गळ्यांत घातलेला वीणेकरी हा सर्वांचा प्रमुख. त्यामागें डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याच्या घागरी घेतलेल्या बाया. कोणता अभंग घ्यावयाचा, केव्हां थांबावयाचें, केव्हां निघावयाचें, हें वीणेकऱ्याच्या खुणेनें चालतें. आयर्लंडच्या मोटारींतील वाटाड्याचें काम येथें वीणा करते. दिवसाचा क्रमहि ठरलेला: पहांटे काकड्याचे अभंग आणि भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, जोगी हीं रूपकें, दुपारच्या विसाव्यापूर्वीं गौळणी, सायंकाळीं हरिपाठ, मुक्कामीं समाजआरती, आणि रात्रीं कीर्तन व जागर. ज्यास एक अक्षर वाचतां येत नाहीं असा शेतकरीहि या क्रमानें महिनाभर चालला कीं त्याच्या पदरांत शेंकडों अभंग पडतात, आणि प्रत्येकाची चाल पडते.

चालीची गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. गाथा छापल्या गेल्या, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या. शब्द आतां सुरक्षित आहेत. चाली मात्र कोणीं छापल्या? सांप्रदायिक चाल एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते, आणि जाण्यासाठीं दोन्ही गळे एका रांगेंत चालत असावे लागतात. विष्णुबुवा जोगांनीं १९१७ मध्यें आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्यांतून बाहेर पडलेले विद्यार्थी कीर्तनकार होऊन गांवोगांव गेले; पण गांवची दिंडी, गांवचा मृदंगी आणि गांवची चाल यांची जागा कोणतीहि पाठशाळा पुरी भरून काढूं शकत नाहीं.

येथें पुन्हा आयर्लंडचेंच एक उदाहरण घेण्यासारखें आहे. त्या देशांत तारांच्या वीणेसारखें हार्प नांवाचें वाद्य गळ्यांत अडकवून नव्हे, पण पाठीशीं घेऊन गांवोगांव फिरणारे कलावंत होते. सरदारांच्या घरीं राहावें, वाजवावें, पुढें जावें, असा त्यांचा क्रम. टर्लो ओ’कॅरोलन हा अंध वादक त्यांत फार नांवाजलेला. तो १७३८ मध्यें वारला. पुढें आश्रय देणारीं घराणीं बुडालीं आणि ही मंडळी विरळ झाली. १७९२ च्या जुलईंत बेलफास्ट शहरीं त्यांचा मेळावा भरविला तेव्हां सबंध आयर्लंडांतून दहाच वादक जमले, त्यांतील निम्म्याहून अधिक अंध, आणि सर्वांत वृद्ध जो डेनिस हेम्सन तो नव्वदी उलटलेला. त्यांच्या चाली लिहून घेण्यास एडवर्ड बंटिंग नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण नेमला होता. त्यानें त्या लिहिल्या, आणि नंतर छापल्या. आज जें ऐकावयास मिळतें त्याचा बराच भाग त्या मुलाच्या वहीमुळें. परंतु वाजविणाऱ्यांची मूळ सांखळी तुटली ती तुटलीच. नखांनीं तारा छेडण्याची हेम्सनची ती जुनी तऱ्हा पुढें कोणी परंपरेनें घेतली नाहीं. वहींत सूर राहिला, हात राहिला नाहीं. वारीच्या चाली वहींत फारशा नाहींत. त्या अजून हातांत आणि गळ्यांत आहेत, म्हणूनच त्यांची काळजी अधिक.

आगगाडीनें ही सांखळी तुटेल असें एके काळीं वाटणें साहजिक होतें. १८६७ मध्यें रेल्वे नागपूरपर्यंत पोंचली आणि मलकापूर तिच्या वाटेवर आलें. १९०६ मध्यें बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत गेला. म्हणजे मनुष्य मलकापुरास गाडींत बसून, भुसावळ, मनमाड, दौंड आणि कुर्डुवाडी करून एकदोन दिवसांत विठ्ठलाच्या दाराशीं उतरूं लागला. पुष्कळ लोक तसे गेले, आणि त्यांनींहि चंद्रभागेंत स्नान केलें. परंतु पालखी गाडींत बसली नाहीं. पंढरपूर गांठणें एवढाच हेतु असता तर ती बसली असती. वाटेंतल्या पाटलाच्या पारावर थांबणें, कोण्या म्हातारीनें वर्षभर राखून ठेवलेला नैवेद्य घेणें, ठराविक झाडाखालीं ठराविक अभंग म्हणणें, यासाठीं वाट चालावी लागते. वारींत मुक्काम हें साधन नसून वाटच साध्य होऊन बसली आहे, असें कोणीं म्हटलें तर तें सर्वस्वी चूक ठरणार नाहीं.

या चित्रांत काळी रेघ नाहीं असें नव्हे. इरावती कर्वे यांनीं आळंदीच्या पालखीबरोबर केलेल्या प्रवासावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एका दिंडींतील मंडळी दिवसभर एका सुरांत गातात आणि पानें मांडतांना जातीजातींनीं निराळीं बसतात, हें पाहून त्यांच्या मनास झालेली टोचणी त्या लेखांत आहे. ज्या चोखोबांचे अभंग सर्व दिंड्या म्हणत त्यांची समाधि महाद्वाराशीं, आणि त्यांच्या जातीच्या लोकांस त्या द्वाराच्या आंत पाऊल टाकण्यास मे १९४७ मध्यें साने गुरुजींना पंढरपुरास प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. गुरुजींचें कार्यक्षेत्र खानदेशच. मुक्ताईच्या पालखीचाच तो मुलूख. सातशें वर्षें समतेचें गाणें गाऊनहि दार उघडण्यास एवढा उशीर झाला, हें गाण्याचें अपयश कीं गाणारांचें, याचा जबाब गाणारांनींच द्यावयाचा आहे.

पालखीची चाल खुंटली ती आगगाडीनें नव्हे, रोगाच्या सांथीनें. १८१८ च्या नंतर अनेकदां पटकीच्या सांथी पाहिलेल्या या वाटेस २०२० मध्यें कोरोनानें बंद केलें. त्या वर्षीं सरकारनें पायीं वारीस मनाई केली; मानाच्या पालख्यांच्या पादुका ३० जून रोजीं, आषाढ शुद्ध दशमीस, एस्. टी. च्या मोटारींतून मोजक्या माणसांसह पंढरपुरास नेण्यांत आल्या. मुक्ताईच्या पादुका त्याच प्रकारें गेल्या. महिन्याभराची वाट एका दिवसांत संपली. मलकापूर, मोताळा, बुलढाणें येथील ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिंडीस जेवण घातलें होतें त्यांच्या दारांपुढें त्या ज्येष्ठांत रांगोळी पडली नाहीं. १९२१ नव्हे, १९४४ नव्हे, अगदीं अलीकडची ही गोष्ट. म्हणून तिचें वाईट वाटलेलें माणूस प्रत्येक गांवांत आज भेटतें. पुढल्या वर्षींहि पादुका मोटारींतूनच गेल्या. २०२२ मध्यें वाट पुन्हा पायांनीं चालली गेली.

आषाढ शुद्ध दशमीस निरनिराळ्या दिशांनीं आलेल्या पालख्या पंढरपुराजवळ वाखरीस एकत्र होतात. आळंदीची, देहूची, त्र्यंबकेश्वरची, सासवडची, पैठणची, आणि तापीतीरावरून आलेली मुक्ताईची. एरवीं वर्षभर चौघां भावंडांचीं स्थानें चार ठिकाणीं. येथें तीं भेटतात. बहिणीला भावांकडून साडीचोळी देण्याचा उपचार पालख्यांमध्यें अजून पाळला जातो. पंढरपुराहून नामदेवांची पालखी त्यांना सामोरी येते. ज्यानें या भावंडांचा इतिहास प्रथम गाइला तोच त्यांस घ्यावयास वेशीबाहेर येतो. मग एकेक पालखी शहराकडे निघते, माउलींची सर्वांच्या शेवटीं. पौर्णिमेस गोपाळपुरीं काला होतो, दहीलाह्यांचा प्रसाद एकमेकांच्या मुखांत घातला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून परतीच्या मुक्कामांचा हिशेब सुरू होतो.